अन्नाचा निर्णय तुमच्या सहीने होतो: सर्व देशांच्या अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

आदरणीय अर्थमंत्री,

सादर नमस्कार.

लोकांच्या खाण्यापिण्याबद्दलचं पत्र आरोग्यमंत्र्यांकडे जायला हवं, फार तर कृषिमंत्र्यांकडे, असं तुम्हाला वाटेल. मी ते विचार करून तुमच्याकडे पाठवत आहे. कुठल्या पिकाला किती अनुदान, कुठल्या खतावर किती सवलत, कुठल्या आयातीवर किती शुल्क आणि कुठल्या पाकिटावर किती कर, हे तुमच्या खात्यात ठरतं. बाजारात काय स्वस्त आणि काय महाग, हे त्यावर अवलंबून असतं. हातात मोजके पैसे असलेल्या माणसाच्या ताटात काय येणार, हे मग आपोआप ठरून जातं. आरोग्य खात्याची सल्ल्याची पत्रकं या सगळ्यानंतर छापली जातात.

मी डॉक्टर आहे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचे रुग्ण तपासणं हे माझं रोजचं काम. पथ्य म्हणून मी जे सांगतो, तेच जगातला कुठलाही डॉक्टर सांगेल: अख्खं धान्य, डाळी, भाज्या, फळं वाढवा, साखर, मीठ आणि पाकीटबंद पदार्थ कमी करा. रुग्ण मान डोलावतो. मग बरोबर आलेलं कुणीतरी हळूच विचारतं, 'हे सगळं रोज परवडायचं कसं?' या प्रश्नावर माझ्या चिठ्ठीत औषध नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनुसार जगात अडीचशे कोटींहून जास्त माणसांना सकस आहार परवडत नाही. त्यांतल्या बहुतेकांना पोट भरण्यापुरतं अन्न विकत घेता येतं. त्यांच्या आवाक्याबाहेर आहे ते आरोग्य टिकवणारं अन्न. तरीही वजन वाढलं, साखर वाढली की आपण त्याच माणसाला जिभेवर ताबा नाही म्हणून ऐकवतो. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं आहे, आणि डॉक्टर म्हणून मला आता ते सहन होत नाही.

तुमच्याच भाषेत, म्हणजे हिशेबाच्या भाषेत बोलतो. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी, म्हणजे अन्न व कृषी संघटना, विकास कार्यक्रम आणि पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून जगभरच्या सरकारांकडून शेतीला मिळणाऱ्या मदतीची बेरीज केली. ती वर्षाला सुमारे ५४० अब्ज डॉलर निघाली. त्यातली ८७ टक्के मदत एक तर बाजारभाव विकृत करणारी किंवा निसर्गाला आणि समाजाला हानी पोहोचवणारी होती. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, अन्न व कृषी संघटनेने दुसरी बाजू मांडली. अन्नव्यवस्थेची जी किंमत बिलात दिसत नाही, ती वर्षाला किमान १० लाख कोटी डॉलर आहे, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास १० टक्के. त्यातला ७० टक्क्यांहून जास्त भाग चुकीच्या आहारातून येणारे आजार आणि त्यामुळे बुडणारं काम यांचा आहे. साधारण पाचवा हिस्सा पर्यावरणाच्या नुकसानीचा. हे दोन्ही आकडे तुम्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, एवढ्यासाठी सांगितले. एका खिडकीतून सरकार पैसे देतं आणि त्याच पैशातून उभं राहिलेलं नुकसान दुसऱ्या खिडकीतून रुग्णालयांच्या खर्चात भरतं.

या मदतीच्या मुळाशी वाईट हेतू नव्हता, हे मला नीट ठाऊक आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात शेतकरी मोडून पडला होता. युरोपने युद्धात उपासमार पाहिली होती, त्यातून १९६२ मध्ये त्यांचं सामाईक कृषी धोरण आलं. आशियात १९६० च्या दशकात दुष्काळाची भीती खरी होती. त्या वेळी थोडक्या पिकांचं भरपूर उत्पादन हवं होतं, आणि ते मिळालं. कोट्यवधी माणसं जगली. पण ते संकट संपल्यावरही यंत्रणा त्याच पिकांकडे तोंड करून उभी राहिली: गहू, तांदूळ, मका, सोयाबीन, साखर. डाळी, फळं, भाज्या, कठीण कवचाची फळं यांच्या वाट्याला संशोधन कमी, साठवणूक कमी, हमी कमी. २०१७ सालच्या जागतिक आकडेवारीवरून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आहाराशी जोडलेले सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू एका वर्षात मोजले गेले. त्यांत सर्वांत मोठा वाटा तीन गोष्टींचा होता: मीठ जास्त, अख्खं धान्य कमी, फळं कमी. म्हणजे माणसं जितकी चुकीचं खाऊन मरतात, तितकीच योग्य ते न मिळाल्याने मरतात. सरकारी मदत जिथे पोहोचलीच नाही, नेमकं तेच अन्न ताटात कमी पडलं.

आता एकच पीक घेऊन हे जवळून पाहू. अमेरिकेतला मका.

तिथल्या मक्याला पिढ्यान्‌पिढ्या सरकारी आधार आहे. २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी इंधनात इथेनॉल मिसळणं बंधनकारक केलं आणि मक्याला आणखी एक हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. आज त्या पिकाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग इथेनॉलकडे जातो, साधारण तेवढाच जनावरांच्या खाद्याकडे. माणूस कणसाच्या रूपात खातो तो वाटा नगण्य. उरलेल्यातून स्टार्च निघतो आणि स्टार्चमधून गोड पाक, म्हणजे हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप. साखरेच्या आयातीवर बंधनं असल्याने तिथे साखर महाग होती आणि मका स्वस्त. हा फरक मोठ्या प्रमाणात सरकारी निर्णयांतून तयार झाला होता. १९८४ पर्यंत तिथल्या दोन्ही मोठ्या कोला कंपन्या साखर सोडून या सिरपवर आल्या. गोडी स्वस्त झाली, तशा बाटल्या मोठ्या झाल्या.

त्याच शेताचं दुसरं टोक पाहा. मक्याला नायट्रोजन खूप लागतो. जगात पिकांना घातलेल्या नायट्रोजनपैकी साधारण निम्मा पिकाच्या उपयोगी पडतच नाही. वसंतात पाऊस पडला की तो जमिनीखाली घातलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्यात, ओढ्यातून मिसिसिपी नदीत आणि नदीतून मेक्सिकोच्या आखातात उतरतो. तिथे शेवाळ माजतं. ते मरून तळाशी बसतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे पळतात किंवा मरतात. दर उन्हाळ्यात शास्त्रज्ञ बोटीने जाऊन हा मृत पट्टा मोजतात. २०१७ मध्ये तो सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला, मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा. एका बाजूला बाटलीतली स्वस्त गोडी, दुसऱ्या बाजूला समुद्राचा श्वास कोंडणं, आणि मध्ये एकच सरकारी निर्णय. आरोग्याचं धोरण आणि पर्यावरणाचं धोरण ही दोन वेगळी कपाटं आहेत असं मानून आपण काम करतो. शेतात तसं काही नसतं.

जगातल्या हरितगृह वायूंपैकी साधारण एक तृतीयांश अन्नव्यवस्थेतून येतात आणि माणूस नद्या-भूजलातून जे गोडं पाणी उपसतो त्यातलं ७० टक्के शेतीला जातं. प्रतिजैविकांचंही तसंच. निरोगी जनावरांचं वजन वाढावं म्हणून ती खाद्यात मिसळली गेली आणि औषधाला न जुमानणारे जंतू माणसांच्या वॉर्डांपर्यंत आले. स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविकं देण्यावर बंदी घातली. तिथली पशुपालनाची शेती बंद पडली नाही.

यापुढची गोष्ट उद्योगाची. मी इथे 'अल्ट्रा-प्रोसेस्ड' म्हणतो ते कारखान्यात धान्य, तेल, साखर यांचे घटक वेगळे काढून, रंग-स्वाद-इमल्सिफायर घालून पुन्हा जुळवलेल्या पदार्थांना. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मॉन्तेरो यांनी हे वर्गीकरण रूढ केलं. हे पदार्थ लोक आवडीने जास्त खातात, यात कंपनीचा काय दोष, असं नेहमी विचारलं जातं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी २० माणसांना संस्थेतच ठेवून हे तपासलं. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवण, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या जेवणातले उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू, मीठ दोन्हीकडे सारखं. हवं तेवढं खा, अशी मुभा. अल्ट्रा-प्रोसेस्ड जेवणावर तीच माणसं दिवसाला सरासरी ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वाढली. दुसऱ्या जेवणावर तेवढंच वजन उतरलं. माणसं तीच होती, त्यांचा निग्रहही तोच होता. प्रयोग छोटा आहे, पण माझ्या रुग्णांकडे पाहण्याची माझी नजर त्याने बदलली.

असे पुरावे पुढे येतात तेव्हा उद्योग काय करतो, याचा इतिहास आता कागदोपत्री उपलब्ध आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या शुगर रिसर्च फाउंडेशनने हार्वर्डच्या संशोधकांकडून एक आढावा लिहून घेतला, त्यासाठी ६,५०० डॉलर दिले. मसुदे आधी पाहिले. १९६७ मध्ये तो आढावा एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. हृदयविकाराचं सगळं खापर त्यात चरबीवर फुटलं आणि साखर बाजूला राहिली. पैसे कुणाचे होते, हे त्यात कुठेच नव्हतं. त्या काळी तशी सक्तीही नव्हती. हे सगळं २०१६ मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून बाहेर आलं. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं. त्या पन्नास वर्षांत किती देशांच्या आहार सल्ल्यांवर त्या दिशेच्या संशोधनाची छाया पडली असेल, याचा विचार मी अनेकदा करतो, कारण आम्हीही तेच शिकलो आणि तेच सांगत राहिलो.

२००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं की रोजच्या उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवावा. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी साखर उद्योगाच्या संघटनेने आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या प्रमुख ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांना पत्र लिहिलं: अहवाल मागे घ्या, नाहीतर तुम्हाला मिळणाऱ्या अमेरिकी निधीवर संसदेत प्रश्न उभा करू. अर्थमंत्री म्हणून तुम्ही याचा अर्थ माझ्याहून नीट ओळखाल. आरोग्याच्या सल्ल्यावर दबाव आणायला निधीचा दोर वापरला गेला, आणि तो दोर सरकारी तिजोरीला बांधलेला होता.

मेक्सिकोची गोष्ट तर अंगावर येते. तिथे जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरला एक पेसो कर लागला. पुढे तो वाढवावा म्हणून संशोधक आणि कार्यकर्ते प्रयत्न करत होते. २०१७ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवून दिलं की त्यांच्यापैकी काहींच्या फोनवर पेगासस या हेरगिरीच्या प्रणालीचे सापळे पाठवले गेले होते. ही प्रणाली फक्त सरकारांना विकली जाते. शीतपेयावरच्या काही पैशांच्या कराची बाजू घेणाऱ्यांच्या मागे हेरगिरी लागते, यावरून त्या कराच्या ताकदीची कल्पना यावी.

या कंपन्यांमध्ये काम करणारी सगळी माणसं वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांना जास्त विकायचं आहे, भागधारकांना उत्तर द्यायचं आहे, आणि नियम नसतील तर जो जास्त मीठ-साखर घालतो तोच पुढे जातो. म्हणून तर नियम हवा. पण नियम लिहिताना विकणाराच टेबलावर बसला की कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखं होतं. तंबाखूच्या बाबतीत हे जगाने ओळखलं आणि त्या उद्योगाला आरोग्य धोरणापासून दूर ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार केला. अन्नाच्या बाबतीत तसं काही नाही, आणि हे दोन उद्योग एकमेकांना अपरिचित नाहीत. फिलिप मॉरिसने १९८५ मध्ये जनरल फूड्स आणि १९८८ मध्ये क्राफ्ट विकत घेतली, आर. जे. रेनॉल्ड्सने १९८५ मध्ये नॅबिस्को घेतली. सिगारेट विकण्याचं कसब पुढची अनेक वर्षं खाद्यपदार्थांच्या शेजारच्याच खोलीत होतं.

आता तुमच्या खात्याला काय करता येतं, यावर येतो. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी मार्च २०१६ मध्ये अंदाजपत्रकाच्या भाषणात शीतपेयांवर आकारणी जाहीर केली. घोषणा आरोग्यमंत्र्यांनी केली नव्हती, हे लक्षात घ्या. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही. ५ ते ८ ग्रॅम असेल तर सुरुवातीचा दर लिटरला १८ पेन्स, ८ किंवा त्याहून जास्त असेल तर २४ पेन्स. अंमल एप्रिल २०१८ पासून, म्हणजे कंपन्यांना दोन वर्षांची मुदत. या रचनेतलं शहाणपण मला फार महत्त्वाचं वाटतं. कर बाटलीवर न लावता साखरेच्या प्रमाणावर लावला, त्यामुळे कर टाळायचा एकमेव मार्ग साखर कमी करणं हा उरला. कंपन्यांनी तेच केलं, बऱ्याच जणांनी तर अंमल सुरू होण्याआधीच. २०१५ ते २०२० या काळात या आकारणीखाली येणाऱ्या पेयांतली सरासरी साखर सुमारे ४६ टक्क्यांनी उतरली. ग्राहकाला कुणी उपदेश केला नाही. त्याच्या नकळत बाटलीतलं विष कमी झालं.

ट्रान्स फॅटचंही तसंच. वनस्पती तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. स्वस्त, टिकाऊ, कारखान्याच्या सोयीची. ते हृदयाच्या धमन्यांना घातक आहे, याचा भक्कम पुरावा १९९० पासून साचत गेला. डेन्मार्कने २००३ मध्ये कायदा केला: औद्योगिक ट्रान्स फॅट एकूण स्निग्धांशाच्या २ टक्क्यांच्या वर चालणार नाही. उद्योग म्हणत होता, चव जाईल, टिकाऊपणा जाईल. काहीच गेलं नाही, ते पदार्थ अजून विकले जातात. २०२३ च्या अखेरीस ५३ देशांमध्ये चांगले नियम लागू होते. उरलेल्या देशांत तोच पदार्थ खाऊन माणसं झटका येऊन मरत आहेत, आणि त्याला आता अज्ञान हे कारण देता येणार नाही.

चिलीने २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळे अष्टकोन छापायला लावले: साखर जास्त, मीठ जास्त, संतृप्त चरबी जास्त, उष्मांक जास्त. त्या पाकिटांवर लहान मुलांना भुलवणारी चित्रं बंद, आणि शाळांमध्ये असे पदार्थ विकायला बंदी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही अष्टकोन कळतो. मागच्या बाजूला बारीक टायपात छापलेला तक्ता मी शिकलेला डॉक्टर असूनही दुकानात उभ्या उभ्या मला पटकन उलगडत नाही: 'प्रति ३० ग्रॅम' लिहिलेलं असतं, पाकीट १५० ग्रॅमचं असतं, आणि साखर पाच वेगळ्या नावांनी पाच ठिकाणी विखुरलेली असते. चिलीत पहिल्याच टप्प्यात अष्टकोनवाल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली.

गरिबावर करांचा बोजा पडेल, हा आक्षेप तुमच्यासमोर नेहमी येत असणार. तो खोटा नाही. पण मेक्सिकोत कराच्या पहिल्या वर्षी खरेदी सर्वांत जास्त घटली ती सर्वांत गरीब घरांत, आणि मधुमेहाचा खर्च सर्वांत जास्त मोडतो तोही त्याच घरांना. आक्षेपाचं खरं उत्तर त्या पैशाचं काय करता यात आहे. एका हाताने गोड पेय महाग केलं आणि दुसऱ्या हाताने फळ, भाजी, डाळ स्वस्त केली नाही, तर गरीब माणसाचा राग रास्त ठरेल.

फसलेले प्रयत्नही सांगायला हवेत. डेन्मार्कने ऑक्टोबर २०११ मध्ये संतृप्त चरबीवर कर लावला आणि जानेवारी २०१३ पासून काढून टाकला. लोक सीमेपलीकडे जाऊन खरेदी करू लागले, दुकानदार वैतागले, आणि त्या कराच्या बाजूने उभं राहायला राजकारणात कुणी उरलं नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आणली. हेतू पर्यावरणाचा सांगितला गेला, पण शेतकऱ्याच्या हातात पर्याय दिला नव्हता. नोव्हेंबरपर्यंत निर्णय फिरवावा लागला, तरी त्या हंगामातलं भाताचं पीक कोसळलं. वर्षानुवर्षं ज्या सवयी तुमच्याच अनुदानाने लावल्या, त्या शेतकऱ्याने एका हंगामात सोडाव्यात अशी अपेक्षा ठेवणं हा अन्याय आहे. त्याने तेच पिकवलं ज्याचे पैसे मिळत होते.

शेतकऱ्याला बरोबर घेऊन हे कसं होतं, ते फिनलंडच्या नॉर्थ कारेलिया प्रांतात दिसलं. १९७० च्या सुमारास तिथल्या मध्यमवयीन पुरुषांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जगात सर्वांत जास्त म्हणावं असं होतं. दूध-लोण्यावर उभा असलेला प्रांत. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या पुढाकाराने काम सुरू झालं: घराघरांत स्वयंपाकाच्या सभा, बेकऱ्यांशी आणि मांस व्यावसायिकांशी मीठ-चरबी कमी करण्याची बोलणी. पुढे दूधउत्पादकांची रोजी बुडणार हे दिसल्यावर सरकारच्या पैशाने बेरीच्या लागवडीचा प्रकल्प उभा राहिला, कारण त्या थंड हवेत बेरी उत्तम येते. गोठ्यावर जगणाऱ्या काही घरांनी बेरीची रोपं लावली. चाळीसेक वर्षांत तिथल्या कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. वैद्यकशास्त्रात इतका मोठा बदल मला फार थोड्या ठिकाणी दाखवता येईल, आणि त्याच्या हिशेबात बेरीच्या रोपांचा खर्चही धरावा लागतो.

ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शाळेतल्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के हिस्सा छोट्या कौटुंबिक शेतकऱ्यांकडून खरेदीसाठी राखला. मुलाला ताजं अन्न, शेतकऱ्याला हक्काचं गिऱ्हाईक, आणि विविध पिकं लावायला कारण. डेन्मार्कने २०२४ मध्ये पशुधनातून निघणाऱ्या वायूंवर २०३० पासून कर लावायचं ठरवलं, टनामागे ३०० क्रोनरपासून सुरुवात करून २०३५ पर्यंत ७५०. त्या चर्चेत शेतकरी संघटना, पर्यावरण संघटना आणि सरकार एका टेबलावर होते, आणि सुरुवातीच्या काळात जमा होणारा पैसा शेतीच्या बदलासाठीच परत द्यायचं ठरलं. चरबीवरचा कर जिथे फसला, त्याच देशाने हे केलं.

या सगळ्यावरून माझं तुमच्याकडे एक ठोस मागणं आहे. अनेक देश अंदाजपत्रकासोबत महिलांसाठी किती खर्च होणार याचं स्वतंत्र विवरण देतात. तसंच अन्नाचं विवरण द्या. अन्न आणि शेतीशी संबंधित प्रत्येक अनुदान, करसवलत, आयात शुल्क आणि सरकारी खरेदी एका ठिकाणी मांडा. प्रत्येक ओळीसमोर लिहा: पैसा कोणत्या पिकाला किंवा पदार्थाला जातो, शेतकऱ्याला किती आणि कंपनीला किती, त्यावर पाणी आणि खत किती खर्च होतं, आणि तुमच्याच आरोग्य खात्याचा आहार सल्ला तो पदार्थ वाढवायला सांगतो की कमी करायला. जिथे दोन खाती विरुद्ध दिशेने ओढताना दिसतील, तिथे मदत कुठे आणि किती वर्षांत वळवणार ते तारखेसह सांगा. शेतकऱ्याला त्या वर्षांत उत्पन्नाची हमी द्या. साखर, मीठ आणि औद्योगिक चरबीवरचा कर प्रमाणानुसार लावा, आधी मुदत देऊन. त्यातून येणारा पैसा डाळी, भाज्या, फळं आणि त्यांची साठवणूक यांसाठी बांधून ठेवा, सर्वसाधारण महसुलात बुडवू नका.

त्याच विवरणाच्या शेवटी आणखी एक यादी जोडा. अंदाजपत्रकापूर्वीच्या वर्षभरात खाद्य, पेय, खत, कीटकनाशक आणि पशुखाद्य उद्योगांच्या कोणत्या प्रतिनिधींनी तुमच्या खात्याच्या कोणत्या अधिकाऱ्यांची भेट घेतली, काय मागितलं, आणि कोणती तज्ज्ञ समिती ज्या संशोधनाच्या आधारे बोलली त्याला पैसे कुणी दिले. त्यांचं म्हणणं ऐकू नका असं मी म्हणत नाही. कर कसा भरायचा, मुदत किती हवी, कारखान्यात काय शक्य आहे, हे त्यांनाच विचारावं लागेल. पण कर असावा का आणि इशारा छापावा का, हे ठरवणाऱ्या समितीत ज्यांची विक्री त्याने घटणार आहे त्यांना जागा नसावी.

हे विवरण द्यायला नवा कायदा लागत नाही, नवी संस्था लागत नाही. आकडे तुमच्या कपाटात आहेत, फक्त वेगवेगळ्या फायलींत. पुढच्या अंदाजपत्रकाच्या तयारीचं परिपत्रक निघेल तेव्हा हे विवरण मागवणारं एक कलम त्यात घाला आणि ते कोणत्या तारखेपर्यंत लोकांसमोर ठेवणार ते जाहीर करा. आम्ही डॉक्टर आमच्याकडची आजारांची माहिती द्यायला, तक्ते तपासायला आणि शेतकऱ्यांसोबत बसायला तयार आहोत. कुठे यायचं तेवढं कळवा.

कळावे,

आपला नम्र,
मधुमेहाच्या रुग्णांचा एक डॉक्टर